'ते' बाहेर ठेवून आत या

आत्याच्या कॉम्प्युटर लॅबच्या दारावर एक पाटी आहे. चांगली ऑइलपेंटने रंगवलेली. तिच्यावर लिहिलंय : 'पाण्याच्या बाटल्या आणि "ते" बाहेर ठेवून आत या.'

नवा माणूस पाटी वाचतो, बाटली बाहेरच्या फळीवर ठेवतो आणि दारातच घुटमळतो. खिसे चाचपतो. छत्री, पिशवी, काही राहिलंय का बघतो. आत्या आतून बघत असते. तिला हा खेळ फार आवडतो.

"काय राहिलं?"

"नाही, म्हणजे... ते काय ठेवायचं ते कळलं नाही."

"आत्ताच दोनदा काढून ठेवलंत," आत्या म्हणते. "या आता."

आत्या सहावी, सातवी आणि आठवीला कॉम्प्युटर शिकवते. मुलं तिला पाठीमागे एंटरबाई म्हणतात. कुणी अर्धं वाक्य बोलून थांबलं, की ती मान पुढे काढून म्हणते, "पुढे? एंटर दाब." हे नाव तिला माहीत आहे. आधीच्या बाईंना मुलं व्हायरसबाई म्हणायची, त्या मानाने आपलं नशीब थोर, असं तिचं मत.

लॅबमध्ये बावीस कॉम्प्युटर आणि चव्वेचाळीस खुर्च्या. एका कॉम्प्युटरचा स्पेसबार कायम चिकटतो, त्याचं नाव च्युइंगम. पाच नंबरच्या स्क्रीनवर उजवीकडे एक हिरवी रेघ आहे, ती इतकी वर्षं आहे की नसती तर चुकल्यासारखं वाटलं असतं. खिडकीजवळचा पंखा फिरताना खट्, खट् वाजतो. आत्या म्हणते, तो माझी नाडी मोजतोय.

एका कॉम्प्युटरला दोन मुलं. एक हात, एक तोंड. हाताने की-बोर्ड चालवायचा, पण स्वतःच्या डोक्याने काही करायचं नाही. तोंडाने सांगायचं, पण कशाला बोट लावायचं नाही. दहा मिनिटांनी अदलाबदल. आणि सांगताना पाच शब्दांना बंदी : ते, हे, तिकडे, असं, तसलं. हात 'ते' म्हणाला, तर की-बोर्ड गेला. तोंड 'ते' म्हणालं, तर की-बोर्डची वाट बघायची दहा मिनिटं पुन्हा सुरुवातीपासून. समोरचा फक्त एवढंच म्हणतो, "नाव घे."

म्हणजे 'ते तिकडे टाक' चालत नाही. 'निळा ठोकळा पिवळ्या ठोकळ्याच्या खाली लाव' चालतं. ठोकळे म्हणजे स्क्रीनवरचे रंगीत तुकडे. एकेका तुकड्यावर एकेक हुकूम लिहिलेला असतो. ते एकाखाली एक लावले की झाला प्रोग्राम. लावणं सोपं आहे. शेजारच्याला लावायला सांगणं, तेही न भांडता, हे सातवीच्या पोरांना दोरीवर चालण्याइतकं अवघड जातं.

ही बंदी आत्याने पुस्तकातून आणलेली नाही. ती आणली लिफ्टमधून.

मास्तरीण होण्याआधी अकरा वर्षं आत्या एका लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत फोनवर बसायची. तो काळ ती अजून दोन्ही आवाज काढून सांगते.

"हॅलो, मी इथे अडकलोय."

"इथे म्हणजे कुठे?"

"लिफ्टमध्ये."

"ते कळलं. कुठल्या इमारतीच्या?"

"आमच्या."

"तुमची इमारत कुठे आहे?"

"अहो बाई, ती दुकानं आहेत ना, त्यांच्या तिकडे. लवकर पाठवा ना कुणाला तरी, इथे तो पण आहे."

"तो कोण?"

"तो हो. वरचा."

असे दिवसाला तीस फोन. अडकलेल्या माणसाची चूक नसते, असं आत्या म्हणते. घाबरला की माणूस 'ते'वर येतो. पण मेकॅनिक 'तिकडे' जाऊ शकत नाही. त्याला पत्ता लागतो. मग आत्या त्या माणसाला बोलतं ठेवून, दरवाजावर काय लिहिलंय, बटणांचा रंग कुठला, बाहेरून कसला आवाज येतोय, असं विचारत विचारत इमारत शोधून काढायची. पुढे कंपनीने तिच्या जागी मशीन बसवलं. 'अडकला असाल तर एक दाबा.' तोवर आत्याने संध्याकाळच्या वर्गाला जाऊन कॉम्प्युटर शिकून घेतला होता. जाताना मेकॅनिक लोकांनी तिला एका जुन्या लिफ्टचं पितळी बटण लाकडी ठोकळ्यावर बसवून दिलं. दाबलं की टिंग वाजतं. लॅबमध्ये दहा मिनिटांची घंटा हीच. टिंग झालं की बावीस की-बोर्ड एकदम सर्रकन सरकतात.

आता एवढी बंदीवाली बाई घरी कशी बोलते, हे शाळेत कुणाला कळता कामा नये. आमचे काका, म्हणजे आत्याचे यजमान, चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बारीक स्क्रू फिरवायचे, त्यामुळे घरी आल्यावर शब्दांचा फार खर्च करत नाहीत.

"अगं, ते कुठंय?"

"ह्याच्याखाली."

"नाहीये."

"अहो, त्या ह्याच्याखाली नाही. ह्या ह्याच्याखाली."

"हां. मिळालं."

काय मिळालं, ते स्वयंपाकघरात बसलेल्या बाकी कुणालाही कळत नाही. एकदा मी विचारलं, "आत्या, घरी 'ते' चालतं वाटतं?"

"एकतीस वर्षं झाली," आत्या म्हणाली, "आता परवाना मिळालाय."

गेल्या वर्षीच्या सातवीत एक जोडी होती. एकीला वर्ग रेडिओ म्हणायचा, दुसरीला गुपचूप. हजेरीच्या क्रमाने शेजारी आल्या, म्हणून जोडी. रेडिओ हात असली तरी बोलायची, तोंड असली तरी बोलायची आणि मधली तीस सेकंदं अदलाबदल होत असतानाही बोलायची. गुपचूप हात असली की झकास. तोंड असली की संपलं. उत्तर तिला रेडिओच्या आधी कळलेलं असायचं, पण ते बाहेर यायचं नाही.

"सांग ना," रेडिओ म्हणायची. "काय करू? वळवू? मी वळवते हं. वळवलं. बरोबर आहे ना? नसणार. तुझा चेहरा बघून वाटतंय नसणार. मग डावीकडे? तू पापणी हलवलीस म्हणजे हो समजू का?"

गुपचूप हळूच बोट स्क्रीनवर ठेवायची.

"बोट नाही," मागून आत्या.

दोन आठवड्यांनी रेडिओ टेबलापाशी आली. "बाई, मला जोडीदार बदलून द्या. ती बोलतच नाही."

"बघते."

पाच मिनिटांनी गुपचूप येऊन उभी राहिली. आत्याने वह्या तपासल्या, पेन बदललं, चष्मा पुसला. गुपचूप उभीच.

"जोडीदार बदलून हवाय?"

मान हलली.

"का गं?"

बराच वेळ पंखा खट्, खट् करत राहिला. मग गुपचूप म्हणाली, "ती थांबतच नाही."

"अगं, तुमच्या दोघींचं इतकं एकमत आहे," आत्या म्हणाली, "अशी जोडी मी कशाला तोडू?"

त्याच सुमाराला शाळेत नवे मुख्याध्यापक आले. व्यवस्थित माणूस. आल्या आल्या त्यांनी शिक्षकांच्या खोलीतल्या कपांवर नावं लिहून घेतली, प्रत्येकी एक कप. मग प्रत्येकी एक कुलूप, प्रत्येकी एक खडूची डबी. आठवड्याच्या आत सगळे त्यांना प्रत्येकी सर म्हणायला लागले. अर्थात त्यांच्या पाठीमागे.

एके दिवशी ते लॅबमध्ये आले, दारातली पाटी दोनदा वाचली आणि काही न विचारता आत येऊन बसले.

"बाई, पुढच्या वर्षी लॅब नवी. चव्वेचाळीस मुलं, चव्वेचाळीस कॉम्प्युटर. प्रत्येकी एक. मध्ये फळ्या, कानाला हेडफोन. धडा सॉफ्टवेअरच शिकवणार, चाचणीही तेच घेणार."

"आणि मी काय करू सर?"

"ग्रंथालयाला माणूस हवाच आहे."

आत्याने पितळी बटणावरची धूळ पुसली. त्याच्यावर धूळ नव्हती. "सर, ही मुलं जोडीने शिकतात."

"जोडीने शिकतात, की एक शिकतो आणि एक बघतो?" सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मी सातवीत असताना आमच्या शाळेत एकच कॉम्प्युटर होता. पुढे बसणाऱ्या चार मुलांनी वापरला. मी वर्षभर मागच्या रांगेतून त्यांच्या माना बघितल्या. कॉम्प्युटरच्या परीक्षेत मला पैकीच्या पैकी मार्क होते, बाई. आणि की-बोर्डला मी पहिल्यांदा हात लावला तो नोकरीला लागल्यावर."

तो माणूस खोटं बोलत नव्हता.

"आमच्याकडे दहा मिनिटांनी हात बदलतो," आत्या म्हणाली.

"कागदावर सगळीकडे बदलतो." सर उठले. "महिनाअखेरीला कॉम्प्युटर कंपनीचा माणूस येतोय सही घ्यायला. त्याच्या देखत तुमचा एक तास बघतो. पटलं तर बोलू."

त्या दिवशी जेवताना आत्याने ताटातल्या भाताचे चार सारखे डोंगर केले आणि एकही खाल्ला नाही.

"ते काय झालं?" काकांनी विचारलं.

"ग्रंथालयात टाकतायत मला. पुस्तकं आवडतात हो मला. पण तिथे शांतता राखावी लागते."

"तू शांतता राखणार? वाचक पळून जातील."

"तोच तर धोका आहे."

"मग काय दाखवणार त्यांना?"

"लिफ्ट," आत्या म्हणाली.

"ते बरंय," काका म्हणाले आणि तिच्या ताटातला एक डोंगर स्वतःच्या ताटात घेतला.

सातवीच्या अख्ख्या वर्गाने मिळून एक लिफ्ट करायची. स्क्रीनवरची. चार मजल्यांची इमारत, बटणं, दार, आत एक टोपीवाले आजोबा. एका गटाने बटणं करायची, एकाने लिफ्ट वर-खाली न्यायची, एकाने दार उघडायचं, एकाने टिंग वाजवून मजल्याचा आकडा दाखवायचा. एका गटाने केलेलं दुसऱ्याला बसलं पाहिजे. आणि ह्या सगळ्या तुकड्यांची जोडणी करायची रेडिओ आणि गुपचूप यांनी.

"आम्ही?" रेडिओ म्हणाली. "बाई, आमचंच आम्हाला जुळत नाही."

"म्हणूनच," आत्या म्हणाली.

फळ्यावर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'आजोबांनी बटण दाबल्यावर लिफ्ट पहिल्या मजल्यावर थांबून दार उघडलं पाहिजे. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.' तीन आठवडे ते वाक्य फळ्यावर राहिलं. 'पुसू नये' म्हणून त्याच्याभोवती चौकट केली होती.

त्या तीन आठवड्यांत लॅबमधून जे काही ऐकू यायचं, ते आत्या घरी येऊन करून दाखवायची. दारवाले बटणवाल्यांना म्हणायचे, "तुम्ही बटण दाबलं की आम्हाला काय पाठवणार?" बटणवाले म्हणायचे, "शुभेच्छा." मग हशा, मग भांडण, मग पुन्हा, "नाव घे. काय पाठवणार?" "मजल्याचा आकडा." "मग आधीच सांगायचं ना शहाण्या." रेडिओ सगळ्या गटांत फिरून निरोप आणायची. एक निरोप आणायला गेली की चार घेऊन यायची, त्यांतले दोन घरगुती. गुपचूप ऐकून घ्यायची आणि वहीत लिहायची. हळूहळू असं झालं, की रेडिओ बोलता बोलता मध्येच थांबून विचारायला लागली, "बरोबर?" आणि गुपचूप म्हणायला लागली, "नाही." एकच शब्द, पण होता.

सगळे तुकडे आदल्या दिवशी एकत्र चालवून बघायचे ठरले होते. आदल्या दिवशी वीज गेली. ती शाळा सुटल्यावर आली.

महिनाअखेर. लॅबमध्ये मुख्याध्यापक मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले. शेजारची खुर्ची कंपनीच्या माणसासाठी, ती रिकामी. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पंधराव्या मिनिटाला तो आला, टाय वाकडा, धापा टाकत.

"सर, माफ करा. तुम्ही फोनवर पहिला मजला म्हणालात."

"हो. हाच की."

"मी वर गेलो. वर चित्रकलेचा तास चालू होता. मी काही म्हणायच्या आत त्या बाईंनी मला स्टुलावर बसवलं. त्यांना वाटलं चित्रासाठी माणूस आलाय."

"मग?"

"नाकापर्यंत काढून झालं होतं, सर. मध्येच कसं उठायचं?"

मुलं हसली. मुख्याध्यापक हसले नाहीत. "अहो, वर म्हणजे दुसरा. जिथून आत आलात तो पहिला. सुरू करा, बाई."

आत्याने टिंग केलं. मोठ्या पडद्यावर इमारत आली. खाली टोपीवाले आजोबा. की-बोर्डवर रेडिओ, तोंड गुपचूप.

"एक नंबरचं बटण दाब," गुपचूप पुटपुटली. रेडिओने दाबलं.

लिफ्ट जागची हलली नाही. दार उघडलं, आजोबा होते तिथेच उतरले. टिंग वाजलं.

"आले का पोचले?" कंपनीचा माणूस म्हणाला.

"तीन दाब." आजोबा पुन्हा आत शिरले. लिफ्ट वर गेली आणि दुसऱ्यालाच थांबली. आकडा मात्र तीन.

"आता तळ," गुपचूपचा आवाज आणखी बारीक झाला.

रेडिओने 'तळ' लिहिलेलं बटण दाबलं. लिफ्ट खाली आली. तळाशी आली. थांबली नाही. जमीन ओलांडून, इमारतीच्या खाली, पडद्याच्या खालच्या कडेतून नाहीशी झाली. सगळ्यात शेवटी आजोबांची टोपी गेली.

कुठूनतरी टिंग वाजलं.

मग जे व्हायचं ते झालं. बटणवाले म्हणाले, आमचं बरोबर आहे. वर-खाली नेणारे म्हणाले, आमचं शंभर वेळा चालवून बघितलंय. दारवाले म्हणाले, आजोबा आहेत कुठे ते आधी बघा. चव्वेचाळीस मुलं एकदम बोलायला लागली आणि त्यांत 'ते' आणि 'तिकडे' यांचा नुसता पाऊस पडला. मुख्याध्यापकांनी वहीत काहीतरी लिहिलं. आत्याने ते पाहिलं. ती साडीच्या पदराला हात पुसत राहिली. उत्तर तिलाही दिसत नव्हतं.

गुपचूप मागे वळून बघत होती. कंपनीच्या माणसाकडे.

"काय बघतेस?" रेडिओ म्हणाली. "सांग पटकन. मी काय करू? सगळं काढून टाकू? तू काहीतरी—" आणि मग तिने स्वतःच्या तोंडावर स्वतःचा हात ठेवला. दोन्ही हात. वर्गाने हे दृश्य कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या दोन रांगा त्यामुळेच गप्प झाल्या.

"कंपनीचे काका वर गेले होते," गुपचूप म्हणाली.

रेडिओने हात काढले नाहीत. भुवया उंचावल्या.

"सर म्हणाले पहिला. काका वर गेले." ती थांबली. कुणी मध्ये बोललं नाही. "सरांचा पहिला म्हणजे हा, आपण बसलोय तो. काकांचा पहिला म्हणजे याच्या वरचा. बटणवाल्यांचा पहिला काकांचा आहे. त्यांनी खालच्याला तळ म्हटलंय, म्हणजे शून्य. लिफ्ट नेणाऱ्यांचा पहिला सरांचा आहे. त्यांना शून्य माहीतच नाही. म्हणून शून्य पाठवल्यावर लिफ्ट एक मजला आणखी खाली गेली."

गुपचूप सबंध वर्षात मिळून इतकी वाक्यं बोलली नव्हती. रेडिओने हात खाली घेतले. "म्हणजे कुणाचंच चुकलं नाही?"

"फळ्याचं चुकलं," गुपचूप म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. चौकटीतलं वाक्य. पुसू नये.

लिफ्टच्या कंपनीत अकरा वर्षं काढलेल्या बाईने 'पहिला' लिहिलं होतं. मेकॅनिक लोकांचा पहिला म्हणजे पहिलं दार, जमिनीवरचं. तिला त्यात शंका घेण्यासारखं काही आहे, हेच कधी वाटलं नव्हतं.

"माझं चुकलं," आत्या म्हणाली. मुख्याध्यापकांकडे बघून म्हणाली, मुलांकडे बघून नाही. "पाटी लावून 'ते' बाहेर ठेवायला लावते आणि फळ्यावर मीच 'ते' लिहून ठेवलं. फक्त 'पहिला' असं लिहिलं म्हणून कुणाला दिसलं नाही." तिने खडू गुपचूपच्या हातात दिला. "नाव लिही."

गुपचूपने 'पहिल्या'वर काट मारली आणि लिहिलं, 'तळमजला : शून्य. त्याच्या वरचा : एक.'

"शून्य मजला कसा असेल?" हे मुख्याध्यापक म्हणाले. त्यांना राहवलं नसावं. "शून्य म्हणजे काही नाही. मग आपण बसलोय कशावर?"

"सर," रेडिओ म्हणाली, "पट्टीवर पण शून्यापासूनच सुरुवात असते. शून्याच्या जागी पट्टी नसते असं थोडंच आहे?"

मुख्याध्यापकांनी समोरच्या बाकावरची पट्टी उचलली आणि बघितली.

"लिफ्ट नेणाऱ्यांच्या प्रोग्राममधला वरून दुसरा ठोकळा उघड," गुपचूप रेडिओला सांगत होती. रेडिओने उघडला. आता फक्त एक हुकूम घालायचा राहिला होता. पुढच्या रांगेतल्या, घड्याळ सांभाळणाऱ्या मुलीने त्याच क्षणी पितळी बटण दाबलं.

टिंग.

वेळ झाली होती. तिचं काही चुकलं नव्हतं.

आणि ऐन मोक्यावर, लिफ्ट जमिनीखाली असताना, रेडिओने की-बोर्डवरून हात उचलले आणि तो गुपचूपकडे ढकलला. कुरकूर नाही, 'एवढं एक होऊ दे' नाही. तिच्या मागे एकवीस की-बोर्ड सर्रकन सरकले. सगळ्यात शेवटच्या रांगेत मुख्याध्यापकांच्या गुडघ्याजवळ एक लहानखुरा मुलगा बसला होता. त्याच्या समोरही एक येऊन थांबला. मुख्याध्यापक त्या की-बोर्डकडे बघत राहिले. मुलगा टाइप करायला लागला, तरी बघत राहिले.

"सांग," गुपचूप रेडिओला म्हणाली.

रेडिओने तोंड उघडलं, मिटलं, विचार केला. मग म्हणाली, "आलेल्या आकड्यात एक मिळव." बस्स. एवढंच.

गुपचूपने मिळवला. बटण दाबलं. पडद्याच्या खालून आधी टोपी आली, मग आजोबा, मग लिफ्ट. तळाला थांबली. दार उघडलं. मग एक, मग दोन, मग तीन, प्रत्येक वेळी आकडा आणि मजला एकच. बटणवाल्यांनी आणि लिफ्टवाल्यांनी एकमेकांच्या पाठी बडवल्या.

"छान आहे," कंपनीचा माणूस टाय सारखा करत म्हणाला. "सर, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये संवादकौशल्याचा स्वतंत्र धडाच आहे. हेडफोन लावून एकट्याने ऐकायचा."

"बोलायचं कुणाशी?"

"पर्याय निवडायचे, सर. अ, ब, क."

मुख्याध्यापक उठले. पट्टी जागेवर ठेवली. "बघू," एवढंच म्हणाले आणि गेले.

'बघू' हा शब्द बंदीच्या यादीत टाकायला हवा होता, असं आत्या त्या संध्याकाळी म्हणाली.

"झालं का ते?" काकांनी विचारलं.

"झालं. पण ते नाही झालं."

"होईल ते."

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सातवीच्या तासाला शिपाईकाका एक चिठ्ठी घेऊन आले, बाटली फळीवर ठेवली आणि चिठ्ठी आत्याच्या हातात दिली. मुख्याध्यापकांचं अक्षर, एकेक ओळ पट्टीने आखल्यासारखी. 'नवीन कॉम्प्युटर : बावीस. खुर्च्या : चव्वेचाळीस, आहेत त्याच. फळ्या व हेडफोन : नकोत. हात कुणाचा, किती वाजता, याची दररोज नोंद ठेवावी. मागच्या रांगेपासून सुरुवात करावी. कार्यालयाच्या दारावर "तळमजला" अशी पाटी लावण्यास सांगितले आहे.'

आत्याने ती एकदा वाचली. मग पुन्हा वाचली. मग मुलांकडे बघितलं. चव्वेचाळीस जण तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. काहीतरी ठरायचं आहे, एवढं त्यांना शाळेच्या भिंतींनी सांगितलेलंच होतं.

"मिळालं," आत्या म्हणाली. "मिळालं रे ते."

कुणी हललं नाही. रेडिओने तोंड उघडलं, पण गुपचूपने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि स्वतःच म्हणाली,

"नाव घ्या, बाई."

आत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पितळी बटण उचलून गुपचूपच्या बाकावर नेऊन ठेवलं. 'ते' म्हटलं, की हातातलं गेलं. नियम म्हणजे नियम.

"बावीस कॉम्प्युटर," ती म्हणाली. "चव्वेचाळीस खुर्च्या. आणि मी."